कारखानीस धाकटा

रविवारी सकाळी मासळी बाजारातून परत येताना चौकाच्या अलीकडे रिक्षांनी रस्ता अडवला होता. स्कूटर थांबवून मी सहज वर बघितलं, तर विजेच्या खांबाला बांधलेल्या फ्लेक्सवर माझा फोटो होता. हार घातलेला. खाली समईचं चित्र, दोन्ही कोपऱ्यांत पांढरी कबुतरं, आणि मोठ्या अक्षरांत ‘कै. विश्वजीत दत्तात्रय कारखानीस यांस भावपूर्ण श्रद्धांजली’. त्याखाली आमच्या शाळेचं नाव, ‘माजी विद्यार्थी परिवार’, आणि त्या परिवारातल्या उत्साही मंडळींचे ओळीने हसरे चेहरे. विश्वजीत माझा धाकटा भाऊ. तो दिवाळीनंतर गेला, ते खरंच होतं. पण चेहरा माझा होता. निळं जाकीट माझं, कपाळावरची आठी माझी, हनुवटी किंचित वर केलेली, तीही माझीच. फोटोत आपण बरे दिसतोय हे मला सगळ्यात आधी जाणवलं, आणि मग त्याची भयंकर लाज वाटली. मागून एका रिक्षावाल्याने हॉर्न मारला. “ओ काका, चला ना, काय बघत बसलात?” मग त्यानेही वर बघितलं, माझ्याकडे बघितलं, आणि पुन्हा हॉर्न मारला. त्याला काहीच वाटलं नाही. स्कूटरला लटकवलेल्या पिशवीतून बोंबलांचं पाणी माझ्या चपलेवर ठिबकत होतं आणि मी पन्नाशी उलटलेला माणूस भर रस्त्यात स्वतःला वाहिलेली श्रद्धांजली वाचत होतो.

तो फोटो कुठला ते मला लगेच आठवलं. कर्नाळ्याच्या बाजूला एका रिसॉर्टवर सगळ्या बॅचेसचं मिळून संमेलन झालं होतं. मला असल्या संमेलनांचं वावडं आहे. चाळीस वर्षांपूर्वी ज्यांच्याशी आपलं जमलं नाही त्यांच्याबरोबर टोप्या घालून का नाचायचं, हे मला अजून कळलेलं नाही. पण विश्वाने ओढून नेलं होतं. “दादा, चल ना, तू असलास की मला बरं वाटतं,” असं म्हणाला होता. तिथे गेल्यावर मात्र तो माझ्याजवळ फिरकलासुद्धा नाही, कारण फोटो काढायचं काम नेहमीप्रमाणे त्याच्याकडे होतं. प्रत्येक घोळक्यात कुणीतरी ओरडायचं, “विश्वा, काढ रे!” आणि विश्वा काढायचा. माझाही त्यानेच काढला. “दादा, हनुवटी जरा वर.” म्हणजे ज्या फोटोला आता चौकात हार घातलाय तो काढताना विश्वा समोर उभा होता, आणि त्याला श्रद्धांजली वाहणाऱ्यांनी त्याच फोटोतून दोघांपैकी जो दिसत होता तो उचलला. त्यांचा तरी काय दोष म्हणा. शाळेतही आम्ही कारखानीस मोठा आणि कारखानीस धाकटा होतो, विश्वजीत आणि इंद्रजीत ही नावं फक्त हजेरीपुरती. पाठमोरे आम्ही सारखे दिसायचो, त्यामुळे माझ्या वाट्याच्या छड्या त्याने खाल्ल्यात आणि त्याच्या वाट्याचं कौतुकही एकदोनदा मी खाल्लंय. पण समोरून? समोरून आम्ही मुळीच सारखे नव्हतो. त्याचं नाक बसकं होतं. गालावर कांजण्यांचे खड्डे होते. एक डोळा हसताना आधी मिटायचा. कुठला मिटायचा ते आठवायला गेलो आणि मला ते आठवेना.

मी तिथूनच निनादला फोन लावला. निनाद भिसे हा परिवाराचा सर्वेसर्वा, ग्रुपचा अॅडमिन, खांदा कॉलनीत त्याचं इंटिरियरचं ऑफिस आहे. दहावीला तो विश्वाच्या बाकावर बसायचा. शेजारी. “बोल इंद्या, चारला शाळेत सभेला आहेस ना?” तो म्हणाला. मी म्हटलं, “अरे, चौकातल्या फ्लेक्सवर माझा फोटो लागलाय.” “हो, मस्त आलाय ना? प्रिंटिंग एकदम क्लिअर आहे.” “निनाद, माझा. विश्वाचा नाही. माझा फोटो आहे तो.” मागे टीव्ही चालू होता. “काय सांगतोस? थांब हं, ग्रुपवर बघतो… अरे यार. शिट. म्हणजे ते पोरांनी क्रॉप केलंय, मी फक्त ओके दिला. पण ग्रुपवर चार दिवस फिरतोय रे तो. कुणीच काही बोललं नाही.” मी म्हटलं, “तेच तर.” “नाही, म्हणजे तुम्ही दिसता पण सेम.” “आम्ही सेम दिसत नाही.” “बरं बरं. बघतो मी. पण इंद्या, फ्रेम पण तोच फोटो घालून झालीय रे. हॉलमध्ये लागणार आहे, परमनंट. आता लास्ट मोमेंटला कुठे… तू एक काम कर, त्याचा चांगला फोटो पाठव. चांगला हं. मुलांना प्रेरणा मिळाली पाहिजे.”

ग्रुपवर मीही होतो, पण ग्रुप मी म्यूट करून ठेवलेला. घरी आल्यावर उघडला. माझ्या चेहऱ्याखाली जोडलेले शेकडो हात. ‘मित्रा, तुझं हसू कायम स्मरणात राहील.’ मी त्या फोटोत हसत नव्हतो. ‘विश्वा, तुझे बोलके डोळे विसरू शकत नाही.’ कुणीतरी लिहिलं होतं, ‘जिगरी यार गेला.’ या जिगरी यारांपैकी एकालाही जिगरी याराचा चेहरा माहीत नव्हता. रोज सकाळी एकमेकांना सूर्योदय आणि सुविचार पाठवणारी, वाढदिवसाला केकांचा पाऊस पाडणारी ही माणसं, ‘आपण कायम कनेक्टेड राहिलो हेच आपलं यश’ असं दर आठवड्याला एकमेकांना बजावणारी. मला त्यांचा राग आला, आणि रागाबरोबर एक प्रकारचा आधारही वाटला, कारण जोवर मी त्यांच्यावर चिडत होतो तोवर कुठला डोळा आधी मिटायचा ते मला आठवायची गरज नव्हती. मिताली, माझी बायको, स्वयंपाकघरातून म्हणाली, “अरे, एवढा काय त्रागा करतोयस? एक फोटो शोधू आणि देऊ.” मग आम्ही शोधायला बसलो. आमच्या लग्नाच्या अल्बममध्ये तो नव्हता, कारण कॅमेरा त्याच्याकडे होता. मुलीच्या बारशात नव्हता. गणपतीत पाठमोरा होता, मखराची वायर जोडताना. त्याचा मोबाइल माझ्याकडे कपाटात होता, तो चार्ज करून उघडला. हजारभर फोटो होते, माणसांचे, पोरांचे, कंटेनरवर बसलेल्या घारींचे, आपटा गावच्या नदीवर म्हशी धुणाऱ्यांचे. त्याचा एकही नव्हता. शेवटी एक मिळाला, आधार कार्डावरचा. त्यात नाक बसकं होतं, खड्डे होते, डोळे एखाद्याला पकडून आणल्यावर दिसतील तसे होते. मितालीने तो बराच वेळ बघितला आणि म्हणाली, “भाऊजी असे कुठे दिसायचे रे?” मी तो निनादला पाठवला. त्याचं उत्तर आलं: ‘भाई हा नको. हा बघून मुलं घाबरतील 🙏’.

विश्वा पहिल्या फटक्यात दहावी नापास झाला होता. गणितात आणि इंग्रजीत. त्या संध्याकाळी तो वडाळे तलावाच्या काठावर जाऊन बसला आणि वडिलांनी मला त्याला आणायला पाठवलं. मी शेजारी बसलो तर तो म्हणाला, “दादा, तू जेवलास का?” मला अजून कळत नाही, त्याला तेव्हा तेवढंच का सुचलं. पुढे तो पास झाला, ड्राफ्ट्समन झाला, ते काम संगणकाने खाल्लं तेव्हा उरणच्या बाजूला एका कंटेनर यार्डात लागला, आणि उलव्याला एका खोलीच्या फ्लॅटमध्ये एकटा राहिला. तिथे चहूबाजूंनी इमारती उगवत होत्या आणि घरात सिमेंटची धूळ इतकी बसायची की टेबलावर बोटाने नाव लिहावं. लग्न केलं नाही. का केलं नाही हे विचारायचं वय निघून गेल्यावर मीही विचारलं नाही. निनादने जेव्हा ‘रविवारचा फोन’ काढला तेव्हा विश्वाने नाव दिलं. योजना अशी होती: प्रत्येक माजी विद्यार्थ्याने शाळेतलं दहावीचं एक मूल घ्यायचं आणि दर रविवारी दुपारी त्याला फोन करायचा. मार्गदर्शन, प्रेरणा वगैरे. मुख्याध्यापिका चारुता मॅडमनी एकच अट घातली की भेटायचं नाही, घरच्या मोठ्या माणसाच्या फोनवर बोलायचं आणि ते माणूस शेजारी असलं पाहिजे. अट योग्यच होती. जूनमध्ये सगळ्यांनी दणक्यात फोन केले, स्क्रीनशॉट टाकले. गणपती येईपर्यंत बहुतेकांचे बंद पडले. ज्या मुलांना फोन यायचे थांबले त्यांना तुम्ही कराल का, असं मॅडम विश्वाला विचारायच्या, आणि विश्वाला नाही म्हणता यायचं नाही. एका रविवारी मी त्याच्याकडे गेलो होतो, तर तो जेवण अर्धं टाकून बाल्कनीत उभा राहून एकामागून एक फोन लावत होता. “बोल गं पोरी, काय जेवलीस? बोंबील? तळलेले की कालवण? अरे वा.” बस्स, एवढंच. मी म्हटलं, “अरे, अभ्यासाचं विचार ना काहीतरी.” तो म्हणाला, “अभ्यासाचं त्यांना सगळेच विचारतात रे.” मला तेव्हा हसू आलं होतं.

तो गेला तो शनिवारी, न्हाणीघरात. हृदयाचा झटका. कुणाला कळलं नाही. रविवारी मला कळलं नाही, यार्डात सुट्टी होती, शेजारी नवीन राहायला आले होते. दुपारी एका मुलीला फोन आला नाही. ती दुसऱ्या दिवशी शाळेत गेली आणि म्हणाली, सरांचा फोन आला नाही. वर्गशिक्षिका म्हणाल्या, अगं, विसरले असतील. ती म्हणाली, ते विसरत नाहीत. तिने ते इतक्या वेळा म्हटलं की मॅडमनी निनादला फोन केला, निनादने मला, आणि मी उलव्याला जाऊन दार तोडून घेतलं. त्या दाराच्या आत जे बघितलं त्यानंतर विश्वाचा चेहरा म्हटलं की तेच समोर येतं, आणि ते आलं की मी ते ढकलतो, आणि ढकलताना बहुधा त्याच्याबरोबर बाकीचे सगळे चेहरेही गेले. बसक्या नाकाचा, दाढी वाढलेला, शाळेच्या गणवेशातला, सगळे. हे मी कुणाला सांगितलेलं नाही, मितालीलाही नाही. म्हणून मला तो फोटो बदलायचा होता. मुलांसाठी नाही, शाळेसाठी नाही. निदान एका भिंतीवर तरी तो त्याच्यासारखा दिसावा, म्हणजे मला तिथे जाऊन बघता येईल, एवढंच हवं होतं.

चार वाजता हॉल भरला होता. पुढे दहावीची मुलं, त्यांची सराव परीक्षा तोंडावर आलेली, मागे परिवार. स्टेजवर सरस्वतीच्या शेजारी स्टँडवर फ्रेम, तिच्यावर पिवळं रेशमी कापड. मी निनादला बाजूला घेतलं. “कापड काढू नकोस. आधार कार्डाचाच फोटो मोठा करून लावू, मी करून आणतो उद्या.” त्याने माझ्या खांद्यावर हात ठेवला. त्याचे डोळे खरंच पाणावले होते, आणि मला त्याचाच जास्त त्रास झाला. “इंद्या, ऐक. मी त्याच्या शेजारी बसलोय रे वर्षभर. मला काय त्याचा चेहरा माहीत नाही? पण मुलांनी वर बघितल्यावर त्यांना एक पर्सनॅलिटी दिसली पाहिजे. तू दिसतोस तसा. आणि भाऊ तर आहेस ना तू, परका थोडीच आहेस?” तेवढ्यात माईकवर नाव पुकारलं आणि तो गेला. त्याने कापड ओढलं. टाळ्या झाल्या. मी स्वतःकडे बघितलं. चारुता मॅडम बोलायला उभ्या राहिल्या, चांगल्या बाई आहेत, मनापासून बोलत होत्या. म्हणाल्या, विश्वजीत सर याच शाळेतून उज्ज्वल यश मिळवून बाहेर पडले. मी निनादकडे बघितलं. तो जमिनीकडे बघत होता. कुणी त्यांना हे लिहून दिलं असेल कोण जाणे, पण त्या भाषणात विश्वा शिखरं गाठत होता, संकटांवर मात करत होता, आणि तलावाच्या काठी बसलेल्या त्या नापास पोराचा कुठे पत्ताच नव्हता. समोर बसलेल्या मुलांतली निम्मी तरी महिन्याभरात त्याच काठावर जाऊन बसणार होती, आणि त्यांच्या उपयोगाचं असं आमच्या घरात एवढं एकच माणूस निपजलं होतं.

मग मला बोलायला बोलावलं. माईक खाली करताना तो कुईं वाजला आणि मुलं हसली. मी म्हटलं, “फोटो चुकलाय. हा विश्वजीत नाही. हा मी आहे.” मुलांनी फ्रेमकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, पुन्हा फ्रेमकडे. पुढच्या बाकावरची दोन मुलं फिस्सकन हसली आणि मग सगळीच हसायला लागली, आणि मी त्यांना दोष देत नाही, मीही त्या वयात हसलो असतो. मी पुढे म्हणणार होतो की माझा भाऊ दहावी नापास झाला होता. तेवढं वाक्य माझ्या तोंडात होतं. पण निनादने हळूच माईक घेतला. “मित्रांनो, थोडीशी टेक्निकल गडबड झालीय, ती आपण नंतर दुरुस्त करू. पण बघा, दोन भावांत किती साम्य असतं! हेच तर प्रेम!” टाळ्या पडल्या. मोठ्या पडल्या. कुणीतरी माझ्या हातात नारळ आणि शाल दिली आणि मी ती घेऊन खाली आलो. एवढं सगळ्यांना कळूनही कुणालाच काही फरक पडला नाही, हे मला पायऱ्या उतरताना कळलं. फोटो नंतर कुणी दुरुस्त करणार नव्हतं. मी स्वतः उद्या आधार कार्डाचा फोटो मोठा करून घेऊन आलो तरी त्या चेहऱ्याला ही माणसं भिंतीवर जागा देणार नव्हती.

बाहेर व्हरांड्यात चहा आणि वेफर्स होते. मी एका खांबाला टेकून उभा होतो. एक मुलगी आली, दोन वेण्या, पायात शाळेचे बूट नि हातात एक जुना मोबाइल. “सर, तुमी त्यांचे भाऊ ना? मी किशोरी हाय. मी मावशीकडं ऱ्हाते, विचुंब्याला. मावशीच्या फोनवर त्यांचा फोन यायचा. मीच बोलले व्हते बाईंना, फोन नाय आला म्हणून.” मी तिच्याकडे बघत राहिलो. माझा भाऊ मेला हे जगात सगळ्यात आधी जिला कळलं ती ही. मी खिशातून मोबाइल काढला. “हा बघ, हा त्याचा खरा फोटो.” तिने आधार कार्डाकडे बघितलं, पण फारसं नाही. “मना त्यांचा चेहरा ठाऊकच नव्हता सर. हा काय नि तो काय.” मग ती जरा घुटमळली. “सर, आता रविवारी फोन येत नाय. मी पुस्तक घेऊन बसते, पन काय व्हत नाय. बाबा बोलतात, परीक्षा नको देऊस, गावाला ये, आईसंगती मासली घेऊन बस.” मी म्हटलं, “मी करीन फोन. दर रविवारी. मी करीन ना.” हे मी म्हटलं आणि खांब सोडून सरळ उभा राहिलो. मला वाटलं, हेच. भिंत गेली खड्ड्यात. हा आवाज आहे माझ्याकडे, एका आईच्या पोटचा, एका घरातला. फोनवर तर आई हयात असताना तीसुद्धा आम्हा दोघांत फसायची.

किशोरी विचारात पडली. मग म्हणाली, “आता कराल? तुमी तिकडं उभे ऱ्हावा, नलाजवल. मी तोंड फिरवून ऐकते.” तिने हातातल्या मावशीच्या फोनचा नंबर सांगितला. मी व्हरांड्याच्या दुसऱ्या टोकाला पाण्याच्या नळापाशी गेलो. डोक्यावरून एक विमान अगदी कमी उंचीवरून गेलं, ते जाईपर्यंत मी थांबलो. तिने माझ्याकडे पाठ केली, फोन कानाला लावला आणि मान खाली घातली. मी घसा साफ केला. मला वाटतं, आयुष्यात मी कुठलंही वाक्य इतक्या काळजीने म्हटलं नसेल. “बोल गं पोरी. काय जेवलीस?” तिची पाठ हलली नाही. मी वाट बघितली. मग पुन्हा म्हटलं, जरा हळू, जरा हसल्यासारखं, विश्वा म्हणायचा तसं, निदान मला तो म्हणायचा असं वाटत होतं तसं. “काय जेवलीस गं?” पलीकडे तिचा श्वास ऐकू येत होता. तिने फोन बंद केला. ती चालत माझ्यापर्यंत आली, आणि तिच्या चेहऱ्यावर राग नव्हता, रडू नव्हतं, एखादं काम करून बघितलं आणि झालं नाही, तेवढंच होतं. “नाय सर,” ती म्हणाली. “ऱ्हाऊ द्या. नका करू फोन.” ती दोन पावलं गेली, थांबली, आणि मागे वळून तिने मला नीट न्याहाळलं, नाक, गाल, डोळे, जसं आजवर त्या ग्रुपातल्या एकानेही कुणाला न्याहाळलं नसेल.

“तुमी खरंच त्यांचे भाऊ हाव ना?”